भास्कराचार्य (द्वितीय)

भास्कराचार्य (इ.स. १११४ – अंदाजे इ.स. ११८५) हे मध्ययुगीन भारतातील गणितज्ञ व खगोलशास्त्रज्ञ होते. सातव्या शतकातील भास्कर पहिला यांच्यापासून वेगळे ओळखता यावे म्हणून त्यांना भास्कर द्वितीय असेही म्हणतात.

जीवन

त्यांचा जन्म शके १०३६ मध्ये शांडिल्य गोत्रातील विद्वान कुटुंबात झाला. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू होते. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड या त्यांच्या गावाच्या स्थानाविषयी मतभेद आहेत. अनेक अभ्यासक ते जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण परिसरात मानतात. वयाच्या ३६व्या वर्षी त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत. करणकुतूहल हा ग्रंथ त्यांनी इ.स. ११८३ च्या सुमारास लिहिला.

समीकरणांची उकल

बीजगणितात त्यांनी पुढील घन समीकरण सोडवले आहे:

क्ष³ + १२क्ष = ६क्ष² + ३५

६क्ष² डावीकडे नेऊन दोन्ही बाजूंतून ८ वजा केल्यास (क्ष − २)³ = २७ असे रूप मिळते. घनमूळ घेऊन क्ष − २ = ३, म्हणून क्ष = ५. क्ष⁴ − २क्ष² − ४००क्ष = ९९९९ या चतुर्घाती समीकरणात दोन्ही बाजूंस ४क्ष² + ४००क्ष + १ मिळवून त्यांनी (क्ष² + १)² = (२क्ष + १००)² असे पूर्ण वर्ग साधले व क्ष = ११ हे उत्तर काढले.

ऋण संख्या कोणाचाही वर्ग नसल्याने तिला वर्गमूळ नाही, असे त्यांचे मत होते. त्यामुळे पहिल्या समीकरणाची उरलेली दोन मुळे त्यांच्या गणिताबाहेर राहिली. अठराव्या शतकात द मॉयव्हर यांच्या सूत्राने ती वाट मोकळी झाली. संमिश्र संख्येच्या ध्रुवीय रूपात २७ चे परिमाण २७, तर कोन ०°, ३६०° किंवा ७२०° मानता येतो. परिमाणाचे घनमूळ घेऊन व कोनास ३ ने भागून परिमाण ३ आणि कोन ०°, १२०° व २४०° मिळतात. प्रत्येकात २ मिळवल्यावर ५ आणि (१ ± ३√−३)/२ ही तिन्ही मुळे हाती येतात. या रीतीचा पाया असलेले, दोन कोनांच्या बेरजेच्या ज्येचे सूत्र भास्कराचार्यांनी गोलाध्यायातील ज्योत्पत्ती प्रकरणात दिलेले आहे.

वारसा

त्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांनी पाटण येथे मठ स्थापन केला. इ.स. १२०७ च्या सुमारासचा तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.