विद्वत्तेकडून स्मरणाकडे : पंडित म्हाइंभट

आद्य मराठी चरित्रकार म्हणून म्हाइंभटांचे नाव सर्वश्रुत आहे. परंतु लीळाचरित्राचा कर्ता होण्यापूर्वी या पुरुषास एक मोठे अध्ययन विसरावे लागले, हे आपण क्वचितच ध्यानी घेतो.

म्हाइंभट हे गंगातीरीच्या सराळे गावचे, सधन ब्राह्मणकुळातील. गणपती आपयो यांजपाशी शास्त्राध्ययन करून त्यांनी प्रावीण्य संपादिले. विद्येबरोबर अहंकारही वाढला. आपल्या तोडीचा पंडित नाही, हे दर्शविण्यासाठी ते दिवसा दिवटी लावून हिंडत, अशी परंपरा आहे. याच आवेशात ते डोंबेग्रामी सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींशी वाद करावयास आले. तेथे शास्त्र जाणणे आणि शास्त्राने सांगितलेली वस्तू जाणणे यांतील अंतर त्यांस उमगले. वाद संपला, जिज्ञासा उपजली. तथापि अनुसरण तत्काळ घडले नाही. अभिमान गळणे आणि संसार सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर ते ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी आले व श्रीनागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली राहिले. भटोबास एकांती स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत. हे स्मरण पुढील साधकांसही घडावे, या हेतूने म्हाइंभटांनी लेखनाची अनुज्ञा मागितली. ऋद्धिपुरी वाजेश्वरीच्या एकांतस्थळी सुमारे सहा महिने भटोबासांनी लीळा सांगितल्या व त्यांनी त्या लिहिल्या. त्यानंतर ज्यांनी ज्यांनी स्वामींस पाहिले होते, त्यांच्या दारी जाऊन एकेक लीळा पडताळली. हे कार्य शके 1200 (इ. स. 1278) च्या सुमारास झाले. पुढे श्रीगोविंदप्रभूंचे चरित्रही त्यांनीच सिद्ध केले.

येथे थांबून विचार करावा. संस्कृत ज्यांच्या जिव्हेवर होते, त्यांनी मराठीत लिहिले. जे पंडितांस हरवीत, ते सामान्य स्त्रीपुरुषांपुढे विद्यार्थी होऊन बसले. आणि ऐकलेल्यात स्वतःचे पांडित्य मिसळले नाही. मूळ प्रत पुढे परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली, तरी ग्रंथ उरला. कारण हिराइसांसारख्यांनी तो मुखोद्गत केला होता. त्यांच्या स्मरणावरून व इतरांच्या पाठांवरून तो पुन्हा उभा राहिला.

आज त्याच रिद्धपुरी मराठी भाषा विद्यापीठ आहे. आपल्या मठांतील व गृहस्थांच्या घरांतील तरुण धर्म, तत्त्वज्ञान, मराठी या विषयांत पदव्युत्तर पदवीसाठी विद्यापीठांत जातात. कित्येक वडीलधाऱ्यांस याची चिंता वाटते. म्हाइंभटांचे चरित्र सांगते की चिंता अध्ययनाची करू नये, दिवटीची करावी. पाठभेद तपासणे, साक्षीदारास विचारणे, ऐकले तेवढेच लिहिणे, ही संशोधनाची शिस्त आपल्या परंपरेस परकी नाही. ती सातशे वर्षांहून अधिक काळ आपल्या घरची आहे. परंतु शास्त्रांची पदवी म्हाइंभटांपाशी सराळ्यासच होती. ऋद्धिपुरी त्यांस जे लाभले, ते पदवी खाली ठेवल्यावर लाभले.

जो अभ्यासक ग्रंथ उघडण्यापूर्वी हे स्मरेल, त्याचे अध्ययन स्मरणरूप होईल. दंडवत प्रणाम.