आगीशी शिस्तीने लढणारा ब्रेडवूड

शहरात कोठे आग लागली की घंटा वाजवीत बंब येतो, जवान जोडीजोडीने आत शिरतात आणि बाहेर उभा असलेला एक अधिकारी कोणाला आत धाडायचे व कोणाला मागे बोलवायचे हे ठरवितो. हे दृश्य आपल्या इतके परिचयाचे झाले आहे की त्यामागे कोणाची तरी बुद्धी आणि कोणाचे तरी आयुष्य खर्ची पडले असेल, असे सहसा मनात येत नाही. दोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या बहुतेक शहरांत यातले काही नव्हते. होती ती आरडाओरड, बघ्यांची गर्दी, विमा कंपन्यांचे वेगवेगळे पंप आणि हुकूम सोडणारी डझनभर माणसे. या गोंधळाला शिस्त लावण्याचे काम स्कॉटलंडमधील एका फर्निचर बनविणाऱ्याच्या मुलाने केले. त्याचे नाव जेम्स ब्रेडवूड.

ब्रेडवूड यांचा जन्म १८०० साली एडिंबरा येथे झाला. वडील लाकूडकामात आणि इमारतीच्या धंद्यात होते. शालेय शिक्षण संपल्यावर जेम्स यांनी इमारतींच्या मोजणीचे व पाहणीचे काम शिकून घेतले. घर कसे उभे राहते, तुळई कोठे टेकते, भिंत कशावर तोललेली असते, याचे ज्ञान त्यांना त्या कामातून मिळाले. घर कसे उभे राहते हे ज्याला कळते, त्यालाच ते कसे कोसळेल याचा अंदाज येतो. पुढच्या साऱ्या आयुष्यात हे ज्ञान त्यांच्या उपयोगी पडले.

१८२४ मध्ये एडिंबरा शहराने विमा कंपन्यांच्या साह्याने स्वतःचे अग्निशमन दल उभारले. पालिकेच्या आधाराने उभे राहिलेले ब्रिटनमधील हे पहिले संघटित दल मानले जाते. चोवीस वर्षांच्या ब्रेडवूड यांच्याकडे त्याचे प्रमुखपद आले. दल स्थापन होऊन जेमतेम काही आठवडे लोटले होते. माणसे नवी, सराव अपुरा. अशा वेळी १५ नोव्हेंबर १८२४ च्या रात्री हाय स्ट्रीटलगतच्या एका अरुंद बोळात, ताम्रपटांवर चित्रे कोरून छापणाऱ्या एका कारागिराच्या कारखान्यात आग लागली. तेथील घरे सहा-सहा, सात-सात मजली आणि एकमेकींना खेटून उभी. आग एका घरातून दुसऱ्यात पसरत गेली. दुसऱ्या दिवशी ट्रॉन चर्चचा मनोरा पेटला, त्याच रात्री पार्लमेंट स्क्वेअरजवळ नवा वणवा भडकला. आग आटोक्यात येईपर्यंत तेरा माणसे गेली, त्यांत दोन अग्निशमन जवान होते. शेकडो कुटुंबे उघड्यावर आली.

त्या दिवसांत ब्रेडवूड यांच्या हाती प्रमुखपद होते, पण हुकूम नव्हता. न्यायदंडाधिकारी, नगरशेठ, सरकारी वकील, विमा कंपन्यांचे प्रतिनिधी असे सारे प्रतिष्ठित लोक जागेवर हजर होते आणि प्रत्येक जण जवानांना आपापल्या परीने आज्ञा देत होता. एकाने डावीकडे पाठविलेली नळी दुसरा उजवीकडे ओढायला लावीत असे. आगीनंतर नव्या दलावर टीका झाली, हे ओघानेच आले. परंतु चौकशी झाली तेव्हा दोष जवानांचा नसून विस्कळित अधिकारांचा आहे, हे स्पष्ट झाले. यापुढे आगीच्या जागी दलप्रमुखाचाच शब्द अंतिम राहील, मोठ्यात मोठ्या पदाधिकाऱ्यानेही त्यात ढवळाढवळ करू नये, असा दंडक घालण्यात आला. आपत्तीच्या ठिकाणी एकच सेनापती असावा, हे तत्त्व आज सर्वत्र गृहीत धरले जाते. त्याची किंमत एडिंबराने अशी मोजली होती.

अधिकार मिळाला तशी जबाबदारीही आली. ब्रेडवूड यांनी ती जवानांच्या निवडीपासून सुरू केली. त्यांनी सुतार, गवंडी, लोहार, प्लंबर आणि छपरे घालणारे कारागीर निवडले. छपरावर चालण्याची सवय असलेला माणूस उंचीला घाबरत नाही, आणि गवंड्याला भिंतीची भाषा समजते, असा त्यामागचा हिशेब. शहराचे चार विभाग पाडून प्रत्येकाला लाल, निळा, पिवळा, करडा असा रंग दिला. सराव भल्या पहाटे, अंधारात होई. एक तर त्या वेळी रस्ते मोकळे असत, आणि दुसरे असे की खऱ्या आगीही बहुधा रात्रीच लागतात. अंधारात हात चालले पाहिजेत. जवानांना व्यायामशाळेत कसरती शिकविल्या जात. गोंगाटात आवाज पोहोचत नाही म्हणून हुकमांसाठी शिट्टीच्या खुणा ठरविल्या.

तोवर बहुतेक ठिकाणी पद्धत अशी होती की बंब रस्त्यात उभा करायचा आणि दुरूनच खिडक्यांवर पाण्याचा मारा करायचा. पाणी धुरावर पडे, ज्वाळांवर पडे, पण आगीच्या मुळावर क्वचितच पडे. सामानाचे नुकसान मात्र आगीइतकेच पाण्यानेही होई. ब्रेडवूड यांनी हे उलटे केले. जवानाने इमारतीत शिरून, आगीचे मूळ शोधून तेथेच पाणी सोडले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. हा आग्रह म्हणजे जवानांच्या जिवाशी खेळ होता काय? तसे वाटण्याचा संभव आहे. पण आत शिरा, असे सांगणाऱ्या या माणसाने आत कसे शिरावे आणि केव्हा शिरू नये, याचेही नियम बारकाईने घालून दिले होते. त्यांचे मोठेपण मला या दुसऱ्या भागात अधिक दिसते.

१८३० साली, वयाच्या तिशीत, त्यांनी बंबांची रचना, जवानांचे प्रशिक्षण आणि आग विझविण्याची पद्धत यांवर एक पुस्तक लिहिले. त्यातले आणि नंतरच्या लेखनातले नियम आजच्या कोणत्याही जवानाला ओळखीचे वाटतील. पेटत्या इमारतीत एकट्याने जायचे नाही. जोडीदार हवाच, म्हणजे एक धुराने गुदमरला तर दुसरा त्याला बाहेर ओढील. धुरात सरळ उभे राहू नये, जमिनीलगत राहावे, कारण श्वास घेण्याजोगी हवा खालीच असते. आग दिसताच दारे-खिडक्या लावून घ्याव्यात आणि पाणी येईपर्यंत त्या लावलेल्याच ठेवाव्यात. वारा मिळाला की आग दुप्पट होते. पुढे लंडनमध्ये त्यांनी पॅरिसच्या पोलँ यांच्या धर्तीवर धूररोधक पोशाखही वापरात आणला. बंबाच्या पंपानेच नळीतून आतल्या जवानाला हवा पुरवायची, अशी ती युक्ती होती. पाण्याच्या पंपाने हवा पुरविण्याची कल्पना साधी खरी, पण तोवर ती फारशा कोणाला सुचली नव्हती.

त्यांची कीर्ती लंडनला पोहोचली होती. तेथे प्रत्येक विमा कंपनीचे दल वेगळे होते. १ जानेवारी १८३३ रोजी दहा कंपन्यांनी आपली दले एकत्र केली आणि ब्रेडवूड यांना प्रमुख नेमले. जवान होते अवघे ऐंशी, आणि शहर जगातले सर्वांत मोठे. येथे त्यांनी कारागिरांऐवजी खलाशी निवडले. रात्री-अपरात्री उठणे, दोरावर चढणे, धोका पत्करणे आणि निमूटपणे हुकूम पाळणे, हे सारे खलाशाच्या अंगवळणी पडलेले असते.

दलाचे पैसे विमा कंपन्यांचे. त्यामुळे सरकारी इमारतींचे रक्षण हे त्यांचे कर्तव्य नव्हते. तरीही १६ ऑक्टोबर १८३४ रोजी पार्लमेंटच्या इमारतींना आग लागली तेव्हा ब्रेडवूड बारा बंब आणि चौसष्ट जवान घेऊन धावले. हिशेबासाठी पूर्वी वापरल्या जाणाऱ्या लाकडी काठ्या तळघरातल्या भट्ट्यांत जाळताना ही आग लागली होती. दोन्ही सभागृहे वाचणार नाहीत हे त्यांनी ओळखले आणि सारी शक्ती वेस्टमिन्स्टर हॉलवर लावली. तो मध्ययुगीन दिवाणखाना आजही उभा आहे. काय सोडून द्यायचे हे ठरविणे, हेही अधिकाऱ्याचेच काम असते. १८३८ मध्ये रॉयल एक्स्चेंज जळाले तेव्हा कडाक्याच्या थंडीत पाणीच गोठले होते. ती इमारत मात्र वाचली नाही.

एका बाबतीत ते जुन्या वळणाचे होते. वाफेवर चालणारा बंब उपलब्ध झाला तरी जमिनीवरच्या आगींसाठी तो स्वीकारायला त्यांनी फार वेळ लावला. १८६० मध्ये तो आला, तोही भाड्याने. पाण्याचा जोरदार फवारा हाती आला की जवान पुन्हा रस्त्यावरून मारा करू लागतील, अशी त्यांना भीती होती. भीती अगदी निराधार नव्हती, परंतु हाताने पंप मारणाऱ्या माणसांची दमछाक पाहता हा उशीर समर्थनीय म्हणता येत नाही.

त्यांची खरी चिंता वेगळीच होती. थेम्सच्या काठी प्रचंड गोदामे उभी राहत होती. ओतीव लोखंडाचे खांब आणि तुळया वापरल्यामुळे मालक त्यांना अग्निरोधक म्हणवीत. ब्रेडवूड यांना हे मान्य नव्हते. लोखंड जळत नाही हे खरे, पण तापल्यावर ते कमकुवत होते, आणि तापलेल्या ओतीव खांबावर थंड पाणी पडले की तो तडकतो. लाकडी तुळई जळताना कुरकुरते, वाकते, थोडा वेळ देते. लोखंडी खांब इशारा न देता कोसळतो. १८४९ मध्ये त्यांनी स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे या विषयावर निबंध वाचला. आणि नुसता निबंध वाचून ते थांबले नाहीत. लोखंडावर तोललेल्या गोदामात आगीने जोर धरला असेल तर माझे जवान आत जाणार नाहीत, असा नियम त्यांनी केला. मालकांच्या मालमत्तेसाठी विमा कंपन्यांनीच पोसलेल्या दलाच्या प्रमुखाने असा नियम करणे, याला धैर्य लागते. गोदामे जाड भिंतींनी लहान-लहान भागांत विभागावीत, एवढ्या प्रचंड जागेत आग पसरली तर कोणतेही दल पुरे पडणार नाही, हे ते अधिकाऱ्यांना वारंवार सांगत राहिले. घरातही या कामाची झळ त्यांना लागली होती. १८५५ मध्ये त्यांचा सावत्र मुलगा, जो त्यांच्याच दलात जवान होता, एका आगीत मरण पावला.

२२ जून १८६१, शनिवार. दुपार टळल्यावर लंडन ब्रिजजवळच्या टूली स्ट्रीटवर, कॉटन्स वॉर्फ या धक्क्यावरील गोदामातून धूर निघताना दिसला. आत अंबाडी, ताग, कापूस, साखर, चरबी, सोरा असा माल खच्चून भरलेला होता. ओलसर अंबाडी आपोआप तापून पेटली असावी, असा तर्क झाला. गोदामांच्या भागांमध्ये लोखंडी दारे होती. ती बंद असती तर आग कदाचित एका भागात कोंडून राहिली असती. ती उघडी होती. त्यात नदीला ओहोटी, त्यामुळे सुरुवातीला पाणी पुरेसे मिळेना. वितळलेली चरबी जळत जळत नदीत वाहू लागली आणि तरंगत्या बंबांनाही मागे सरावे लागले.

जवान तासन् तास उष्णतेत उभे होते. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास ब्रेडवूड एका बोळातून त्यांच्याकडे गेले. थकलेल्यांना ब्रँडीचा घोट द्यावा, त्यांची विचारपूस करावी, हा हेतू होता. तेवढ्यात गोदामाची भिंत फुगली आणि कोसळली. ब्रेडवूड आणि त्यांच्याजवळ उभा असलेला एक स्वयंसेवक ढिगाऱ्याखाली गाडले गेले. उष्णता इतकी होती की मृतदेह बाहेर काढायला दोन दिवस लागले. आग धुमसत राहिली ती सुमारे दोन आठवडे.

ज्याने आयुष्यभर अशा भिंतींपासून सावध राहायला सांगितले, तो त्याच भिंतीखाली जावा, याला काय म्हणावे? त्यांनी आपला नियम मोडला, असे काही जण म्हणतील. ते आगीत शिरले नव्हते. जवान जेथे उभे होते तेथे गेले होते. पण पडणाऱ्या भिंतीला आत आणि बाहेर हा भेद कळत नाही. धोक्याची सीमा जळत्या इमारतीच्या दारात संपत नाही, ती भिंतीच्या उंचीइतकी पुढे येते. मोडकळीस येणाऱ्या इमारतीभोवती किती अंतर मोकळे ठेवावे, याचा विचार आज सर्वत्र केला जातो, त्याची निकड अशा घटनांनीच पटवून दिली.

मुंबईकरांना हे दूरचे वाटण्याचे कारण नाही. मुंबईच्या दलाची धुरा १८९० मध्ये लंडनच्या दलातूनच आलेल्या निकोल्स या अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आली होती. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत, कापूस आणि स्फोटके एकत्र लादलेल्या फोर्ट स्टिकीन बोटीवरील स्फोटांत आग विझविणारे ६६ जवान गेले. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील गोकुळ निवास ही जुनी इमारत जळत असताना कोसळली. त्या आगीने दलप्रमुखांसह चार अधिकाऱ्यांचा बळी घेतला.

२९ जून १८६१ रोजी ब्रेडवूड यांची अंत्ययात्रा निघाली. ती दीड मैल लांब होती. लंडनमधील चर्चच्या घंटा वाजत होत्या, दुकाने बंद होती. ॲबनी पार्क दफनभूमीत, सहा वर्षांपूर्वी गेलेल्या सावत्र मुलाशेजारी त्यांना विसावा देण्यात आला.

टूली स्ट्रीटवर सुमारे वीस लाख पौंडांची हानी झाली. विमा कंपन्यांनी गोदामांचे हप्ते भरमसाट वाढविले आणि एवढ्या मोठ्या शहराच्या रक्षणाचा भार आपण यापुढे वाहू शकत नाही, असे सरकारला कळविले. ब्रेडवूड यांच्या जागी आलेले आयर मॅसी शॉ यांनी दलाची पुनर्रचना केली. १८६५ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १८६६ पासून लंडनचे अग्निशमन दल सार्वजनिक सत्तेखाली आले. त्यालाच १९०४ पासून लंडन फायर ब्रिगेड म्हणतात. एडिंबराला मात्र आपल्या या पुत्राचा पुतळा उभारायला २००८ साल उजाडले. तो पार्लमेंट स्क्वेअरमध्ये आहे. १८२४ च्या नोव्हेंबरात, कोणाचा हुकूम मानायचा हे जवानांना कळत नव्हते, त्या जागेपासून काही पावलांवर.