पळवणकर बाळू : चेंडू चालला, पण कप चालला नाही

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या महाड-पोलादपूरच्या मुलांना चवदार तळ्याचा इतिहास नव्याने सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पण पाण्याच्या भांड्यावरून चालणारा भेदभाव क्रिकेटच्या मैदानातही होता, हे तुम्हाला माहीत आहे का? आज आपण त्याच मैदानावर उभं राहिलेल्या एका मोठ्या खेळाडूची ओळख करून घेऊया. त्यांचं नाव पळवणकर बाळू.

बालपण आणि पहिली नोकरी

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला चर्मकार कुटुंबात झाला. आडनाव मात्र कोकणातलं. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे मुलं पुण्यात वाढली. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चौघेही भाऊ पुढे नामांकित क्रिकेटपटू झाले.

घरची परिस्थिती बेताची. म्हणून बाळूंनी पुण्यात पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात काम धरलं. मैदान झाडायचं, रोलर फिरवायचा आणि सांगितलं की चेंडू टाकायचे. पगार महिना ३ रुपये! नंतर इंग्रजांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर नोकरी मिळाली. तिथे ग्रीग नावाचे इंग्रज फलंदाज सरावाला लवकर यायचे आणि बाळू त्यांना तासन् तास गोलंदाजी करायचे. त्यातूनच त्यांची डावखुरी फिरकी घोटली गेली. पण एक गोष्ट लक्षात घ्या. बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी देत नसे. फलंदाजी साहेबांनी करायची, घाम नोकराने गाळायचा, अशी ती रीत होती.

मैदानात आत, चहाला बाहेर

बाळूंच्या फिरकीची कीर्ती पुण्यातल्या हिंदू संघापर्यंत गेली. त्यांना घ्यायचं की नाही यावर वाद झाला. शेवटी इंग्रजांना हरवायचं असेल तर हा गोलंदाज हवाच, म्हणून त्यांना संघात घेतलं.

आता गंमत बघा. गंमत कसली, खरं तर दुःखाची गोष्ट. बाळूंनी टाकलेला चेंडू सगळे खेळाडू हातात घ्यायचे, त्याला विटाळ नव्हता. पण चहाची वेळ झाली की बाकीचे आत बसून चांगल्या कपातून चहा प्यायचे आणि बाळूंना मैदानाबाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. जेवायलाही वेगळं बसवायचे. ज्या हाताने सामना जिंकून दिला, तो हात कपाला मात्र चालत नव्हता.

पुण्यात प्लेगची साथ आल्यावर बाळू मुंबईला आले. तिथेही हिंदू जिमखान्यात आधी चर्चा, मग प्रवेश. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवलं. त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ मध्ये भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने बरेच सामने गमावले, पण बाळूंनी त्या दौऱ्यात १०० हून जास्त बळी घेतले.

कर्णधारपद का नाही?

त्या काळी मुंबईत हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन अशा चार संघांची स्पर्धा व्हायची. तिला चौरंगी स्पर्धा म्हणत. बाळू संघातले सर्वांत अनुभवी खेळाडू, तरी कर्णधार दुसऱ्यालाच करायचे. १९२० साली तर बाळूंना संघातून वगळलं आणि विठ्ठलला डावलून दुसऱ्याला कर्णधार केलं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम दोघेही संघातून बाहेर पडले. आम्ही खेळायला हवे आहोत, मग नेतृत्वाला का नको, हा त्यांचा सवाल होता. लोकांतही त्याची चर्चा झाली. अंतिम सामन्यासाठी भावांना परत घ्यावं लागलं आणि बाळूंना उपकर्णधार केलं.

मित्रांनो, नुसतं चांगलं खेळून हे झालं नाही बरं का. चांगलं तर ते वीस-पंचवीस वर्षं खेळतच होते. नाही म्हणण्याचं धाडस केलं, तेव्हा दार हललं.

१९२३ : अजिंक्य संघ

अखेर १९२३ मध्ये विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. या स्पर्धेत एक सामना हरला की संघ बाहेर. विठ्ठलचा संघ एकही सामना हरला नाही. अंतिम सामन्यात युरोपियन संघाला नमवून तो विजेता ठरला. लोकांनी विठ्ठलला खांद्यावर उचललं, त्यात सवर्ण तरुणही होते. कर्णधार धाकटा भाऊ होता, पण ती वाट थोरल्याने पाडली होती.

त्याच १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचं जाहीरही केलं. पण कागदावर खुलं झालेलं तळं प्रत्यक्षात बंदच राहिलं. त्यासाठी १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. मैदान काय नि तळं काय, हक्क आपोआप चालत आला नाही.

पुढील आयुष्य

बाळूंनी प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी घेतले. नंतर ते राजकारणात उतरले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे ते थेट डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मतं पडली. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

विचार करा आणि लिहा

१) बाळूंनी टाकलेला चेंडू चालत होता, पण त्यांना कप का चालत नव्हता?
२) विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले, हे तुम्हाला योग्य वाटतं का? कारण सांगा.
३) तुमच्या वर्गात किंवा खेळात कुणाला सारखं मागे ठेवलं जातं का? त्यासाठी तुम्ही काय कराल?