सोलापूरचे वसतिगृह

होटगीचे रेल्वे स्टेशन तुम्हांला माहीत आहे. येथून एक फाटा विजापूरकडे जातो. गाडीतून उतरल्यावर येथे तुमचे तिकीट पाहतात, जात कोणी विचारत नाही.

१९०१ साली सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनवर मात्र तसे घडले नाही. चार-पाच मुले नवे कपडे घालून गाडीतून उतरली. त्यांना वडिलांच्या नोकरीच्या गावी जायचे होते. ती अस्पृश्य समाजातील आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरले. एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले. तेही अशा अटीवर, की गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे! जेवणाचा डबा जवळ होता, पण रात्री प्यायला कोणी पाणी दिले नाही. मुले उपाशीच झोपली. त्यांच्यातला एक भीमराव आंबेडकर होता.

त्याचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. साताऱ्याच्या शाळेत तो वेगळ्या गोणपाटावर बसे. नळ उघडायला शिपाई नसेल, तर तहानलेलाच राही. तरीही १९०७ साली तो मॅट्रिक झाला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली तो न्यूयॉर्कला गेला. गुलामगिरीच्या काळात अमेरिकेतील अनेक राज्यांत काळ्या माणसाला वाचायला शिकवणे हाच गुन्हा होता. मुक्ती मिळताच त्या लोकांनी चर्चमध्येसुद्धा शाळा भरवल्या.

परत आल्यावर बाबासाहेबांनी १९२४ साली मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. खेड्यातील मूल चौथीपर्यंत कसेबसे शिके. पुढे हायस्कूल शहरात. तेथे त्याला खोली कोण देणार? अडचण फीची होती, त्याहून जास्त ती डोक्यावरच्या छपराची होती. म्हणून ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले. होय, तुमच्याच सोलापुरात! जेवण, कपडे, लेखनसाहित्य यांचा खर्च सभा करी. सभेने मुंबईत मोफत वाचनालय चालवले आणि विद्यार्थ्यांसाठी 'सरस्वती विलास' नावाचे मासिकही काढले.

पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तेथील वर्ग सकाळी भरत. दिवसभर नोकरी करणारे तरुण आधी तासाला बसत आणि मग कामावर जात.