ब्रँच बदलणारा मॅक्स

फर्स्ट इयरचा रिझल्ट लागला की होस्टेलवर एकच विषय असतो, ब्रँच चेंज. ती मिळाली नाही म्हणजे आयुष्य संपलं असं वाटणारेही बरेच. त्यांच्यासाठी मॅक्स डेलब्रूकची ही गोष्ट. या पठ्ठ्याने ब्रँच तीनदा बदलली!

मॅक्सचा जन्म १९०६ साली बर्लिनमध्ये झाला. वडील इतिहासाचे प्राध्यापक, मॅक्स घरातलं शेंडेफळ. शाळेपासून खगोलशास्त्राचं वेड. पण गॉटिंगेनला गेल्यावर तो क्वांटम फिजिक्सकडे वळला. १९३२ साली कोपनहेगनमध्ये त्याने प्रकाश आणि जीवन या विषयावर नील्स बोर यांचं भाषण ऐकलं आणि डोक्यात किडा शिरला. अणूसारखंच सजीवातही काहीतरी कोडं दडलेलं असणार, त्यातून निसर्गाचा नवाच नियम सापडेल!

१९३७ साली नाझी जर्मनी सोडून तो अमेरिकेत कॅलटेकला आला. तिथे एमरी एलिस सांडपाण्यातून मिळवलेल्या फाजवर काम करत होता. फाज म्हणजे जीवाणूंवर पोसणारा विषाणू. फिजिक्सवाल्याला आणखी काय पाहिजे? साधा जीव, आणि मोजता येणारा. १९३९ साली दोघांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. फाज जीवाणूत शिरतो, साधारण अर्धा तास बाहेर काहीच कळत नाही आणि मग एकदम जीवाणू फुटून डझनावारी नवे फाज बाहेर पडतात.

त्या अर्ध्या तासात आत काय चालतं? मॅक्सला वाटलं, नवा नियम इथेच लपलाय. १९४५ पासून त्याने कोल्ड स्प्रिंग हार्बरला फाजचा उन्हाळी वर्ग सुरू केला आणि या प्रश्नामागे एक अख्खी पिढी लावली.

पुढच्या काही दशकांत उत्तर मिळालं. आत चक्क टाइमटेबल असतं! टी-४ या फाजची जनुकं एकदम वाचली जात नाहीत. आधी जीवाणूचंच वाचनयंत्र, म्हणजे आरएनए पॉलिमरेज, सुरुवातीची जनुकं वाचतं. त्यातून बनलेली प्रथिनं त्याच यंत्रात फेरफार करतात, मग मधली जनुकं वाचली जातात आणि शेवटी डोकं-शेपूट बनवणारी. माल तयार व्हायच्या आत भिंत फुटली तर सगळं मुसळ केरात. तरीही आत घड्याळ नाही की सुपरवायझर नाही. एका पायरीचं आउटपुट हेच पुढचीचं इनपुट.

म्हणजे नवा नियम नव्हताच, होती साधी केमिस्ट्री. मॅक्सची मोठी आशा इथे फोल ठरली. तो मात्र हे सगळं उलगडायच्या आधीच, १९५०च्या दशकात, फायकोमायसेस या प्रकाशाकडे वळणाऱ्या बुरशीकडे गेला होता. तिथेही तो नियम भेटला नाही. १९६९ साली नोबेल मिळालं ते लुरिया आणि हर्शी यांच्यासोबत, फाजवरच्या जुन्या कामासाठी. १९८१ साली पॅसाडेनात तो वारला.

जे शोधायला निघाला ते त्याला कधीच सापडलं नाही. पण तो अर्धा तास मोजायचं त्याला सुचलं, म्हणून पुढच्यांना कुठे बघायचं ते कळलं. तेव्हा मित्रांनो, लिस्टमध्ये नाव नसेल तर आधी मेसमध्ये जाऊन पोटभर जेवा. प्रश्न चांगला असेल तर तो कुठल्याही ब्रँचमधून विचारता येतो.