परातीतल्या पाण्यावरचे शास्त्र : आग्नेस पॉकेल्स



पेडणे असो वा डिचोली, चतुर्थीच्या दिवसांत घरात वीस-पंचवीस माणसे जेवून उठली की मोरीत तेलकट भांड्यांचा ढीग पडतो. परातीतल्या पाण्यावर तेलाचा तवंग पसरलेला असतो. त्यात साबणाचा एक थेंब पडला की तो तवंग झटकन कडेला पळतो. हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे आणि पाहून सोडूनही दिले आहे. जर्मनीतील एका तरुणीने मात्र ते सोडून दिले नाही. भांडी धुताना तिचे लक्ष पाण्याच्या पृष्ठभागाकडे गेले, असे सांगतात. पुढे दहा वर्षे ती घरच्या घरी त्याची मोजमापे घेत राहिली. तिचे नाव आग्नेस पॉकेल्स.

आग्नेस यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ रोजी व्हेनिस येथे झाला. ते शहर तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होते आणि वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते. तिथल्या हिवतापाने त्यांची प्रकृती ढासळली, नोकरी सोडावी लागली आणि १८७१ साली हे कुटुंब जर्मनीत ब्राउनश्वाइग या गावी आले. आग्नेस तिथल्या मुलींच्या शाळेत शिकल्या. भौतिकशास्त्राची त्यांना फार ओढ होती, पण विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. पुढे ती दारे थोडी उघडली, तेव्हा आईवडिलांनीच त्यांना जाऊ नको म्हणून सांगितले. मुलीला एवढे शिकवून काय करायचे, हा प्रश्न आपल्या आज्या-पणज्यांनीही ऐकलेला आहे. तेव्हा त्या घराला नावे ठेवण्याचे कारण नाही.

धाकटा भाऊ फ्रिडरिश मात्र ग्योटिंगेनच्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकायला गेला. तो बहिणीला पुस्तके आणि शोधनिबंध पाठवू लागला. घरकाम, आजारी आईवडिलांची सेवा, आणि उरलेल्या वेळात वाचन व प्रयोग, असा आग्नेस यांचा दिनक्रम ठरून गेला.

त्यांचे उपकरण ऐकून हसू येईल. सुमारे ७० सेंटिमीटर लांब, ५ रुंद आणि २ उंच असे पत्र्याचे तबक. ते पाण्याने काठोकाठ भरायचे. त्यावर पत्र्याची एक पट्टी आडवी ठेवायची, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाचे दोन भाग होतात. पट्टी सरकवली की एका बाजूचा तवंग दाबला जातो. तराजूला टांगलेली बटणाएवढी चकती पाण्याला टेकवायची आणि ती वर उचलायला किती वजन लागते ते पाहायचे. यावरून पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण कळतो. १८८२ च्या सुमारास, वयाच्या विशीत, त्यांनी हे तयार केले.

त्यांना दिसले ते असे. तवंग पातळ पसरलेला असला की पट्टी सरकवूनही पाण्याचा ताण जवळजवळ तेवढाच राहतो. दाबता दाबता एका ठरावीक क्षेत्रफळाशी आले की तो एकाएकी घसरू लागतो. असे का व्हावे?

तेलातल्या आम्लाचा रेणू काडीसारखा असतो. त्याच्या डोक्याला पाणी आवडते, शेपटीला आवडत नाही. म्हणून डोके पाण्यात आणि शेपटी हवेत, असा तो राहतो. जागा ऐसपैस असते तोवर हे रेणू अस्ताव्यस्त पडून असतात. जागा कमी झाली की खांद्याला खांदा लावून उभे राहतात, आपल्या प्रार्थनेच्या रांगेसारखे. फरक एवढाच, की इथे रांग लावायला कोणी सर नसतात. रेणू आपण होऊन रचले जातात. यालाच आज शास्त्रज्ञ स्वयंरचना म्हणतात. या थराची जाडी साधारण २ नॅनोमीटर. आपला एक केस त्याच्या हजारो पट जाड असतो. चमचाभर तेल असे एका रेणूच्या थरात पसरले, तर फुटबॉलच्या मैदानाचा तिसरा हिस्सा सहज व्यापेल.

रेणूंचे हे चित्र तेव्हा कोणालाच स्पष्ट नव्हते. आग्नेस यांच्याजवळ फक्त आकडे होते, आणि ते छापायला जागा नव्हती. मग त्यांनी वाचले की इंग्लंडमधील थोर शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले हेही पाण्यावरच्या तेलाचे प्रयोग करीत आहेत. १० जानेवारी १८९१ रोजी त्यांनी रॅले यांना जर्मन भाषेत पत्र लिहिले. या गोष्टीतला खरा नाजूक क्षण हाच, असे मला वाटते. अनोळखी, पदवी नसलेल्या बाईचे पत्र केराच्या टोपलीत गेले असते, किंवा त्यातले आकडे रॅले यांनी स्वतःच्या नावावर वापरले असते, तरी कोणाला पत्ता लागला नसता. पण लेडी रॅले यांनी पत्राचे इंग्रजी भाषांतर केले आणि रॅले यांनी ते 'नेचर' या नामांकित नियतकालिकाकडे छापण्याच्या शिफारशीसह पाठवले. १२ मार्च १८९१ च्या अंकात ते आग्नेस यांच्याच नावाने प्रसिद्ध झाले. तेव्हा त्या २९ वर्षांच्या होत्या.

यानंतर त्यांचे आणखी निबंध छापून आले. पण आईवडिलांची सेवा सुटली नाही. १९१३ साली भाऊ गेला, पुढच्या वर्षी आई गेली आणि महायुद्ध सुरू झाले. प्रयोग थांबले.

काम मात्र पुढे गेले. अमेरिकेत अर्विंग लँगम्यूर यांनी तशाच तबकात सुधारणा करून १९१७ साली रेणूंच्या रांगेचे चित्र स्पष्ट केले. १९२५ साली हॉलंडमधील गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी याच पद्धतीने रक्तपेशींतला स्निग्धांश मोजला आणि पेशीचे आवरण असेच दोन थरांचे असते हे सुचवले. लँगम्यूर यांच्या सहकारी कॅथरीन ब्लॉजेट यांनी काच पाण्यात बुडवून वर काढत तिच्यावर एकेक थर चढवला. असे ४४ थर दिल्यावर काचेवर प्रकाशाची चमक दिसेनाशी झाली. हे १९३८ साल. १९९२ पासून तर साबणासारखे रेणू पाण्यात आपोआप जुळून ज्या नळ्या बनवतात, त्यांचा साचा करून काही नॅनोमीटर रुंदीची छिद्रे असलेली सिलिका तयार केली जाते. साचा शेवटी जाळून टाकायचा, छिद्रे मागे उरतात.

घरी करून पाहायचे असेल तर परात स्वच्छ घासून पाण्याने भरा, त्यावर अंगाची पावडर भुरभुरा आणि साबण लावलेली काडी मधोमध टेकवा. पावडर कडेला पळेल. दुसऱ्यांदा काडी टेकवली तर ती फारशी हलणार नाही, कारण जागा आधीच भरलेली असते. पुन्हा करायचे तर परात पहिल्यापासून घासावी लागेल. पृष्ठभाग स्वच्छ राखणे हेच या प्रयोगातले अवघड काम, आणि आग्नेस यांनी ते पट्टीने पाणी पुसून साधले होते.

१९३१ साली त्यांना जर्मनीत एक पारितोषिक मिळाले. १९३२ साली, सत्तराव्या वर्षी, ब्राउनश्वाइगच्या तंत्र विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी लँगम्यूर यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २१ नोव्हेंबर १९३५ रोजी आग्नेस वारल्या. त्या तबकाला आज बहुतेक प्रयोगशाळांत लँगम्यूर यांच्या नावाने ओळखतात. आणि पुढे भौतिकशास्त्र शिकताना पॉकेल्स परिणाम असा शब्द तुमच्या वाचनात आला, तर तो त्यांच्या भावाच्या नावाचा आहे.