अर्धा मेंदू काढला, तरी ट्यूमर परत आला, डॉ. वॉल्टर डँडींना चकवणाऱ्या पेशी

गोष्ट आहे जुलै १९३७ ची. अमेरिकेतल्या चेसापीक खाडीत मेरीलँडच्या गव्हर्नरची बोट फिरत होती आणि बोटीवर पाहुणे म्हणून आलेले एक डॉक्टर सुट्टी घालवत होते. तिकडे लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज गर्श्विन बेशुद्ध पडला होता. 'रॅप्सडी इन ब्लू'चा हा संगीतकार तेव्हा फक्त ३८ वर्षांचा होता. कित्येक महिने त्याचं डोकं दुखत होतं, मध्येच रबर जळाल्याचा वास यायचा. हे सगळं मानसिक आहे असं समजून बरेच दिवस गेले होते. मेंदूत गाठ आहे हे लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता आणि सगळ्यांना आता तो बोटीवरचा डॉक्टर हवा होता. डॉ. वॉल्टर डँडी.

सरकारी यंत्रणा हलली, बोट सापडली, डँडी विमानानं निघाले. पण नेवार्क विमानतळावर पोहोचल्यावर कळलं की पेशंटकडे तेवढा वेळच नाही. ऑपरेशन लॉस एंजेलिसमध्ये दुसऱ्या सर्जननी केलं, डँडी फोनवरून सल्ला देत राहिले. ११ जुलैला गर्श्विन गेला.

नंतर डँडींनी गर्श्विनच्या डॉक्टरांना पत्रानं कळवलं, की तो या ऑपरेशनमधून वाचला असता तरी गाठ परत आलीच असती. समजूत घालायला लिहितात तसलं हे पत्र नव्हतं. या गाठीशी सर्वात टोकाची लढाई स्वतः डँडी लढले होते आणि हरले होते.

वॉल्टर डँडी यांचा जन्म ६ एप्रिल १८८६ चा, मिसुरीतल्या सेडेलिया गावचा. वडील इंग्लंडहून आलेले, रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. आई आयर्लंडची. पोरगा हुशार निघाला आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉक्टरकीला लागला. १९१० मध्ये पदवी मिळाली आणि पहिलंच काम मिळालं ते हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली. कुशिंग म्हणजे तेव्हाच्या मेंदू शस्त्रक्रियेतलं सर्वात मोठं नाव. पण दोघांचं जमलं नाही. १९१२ मध्ये कुशिंग बॉस्टनला गेले, तेव्हा डँडी मागेच राहिले.

१९१८ मध्ये डँडींनी एक भन्नाट गोष्ट केली. तोपर्यंत साध्या एक्स-रेत कवटी दिसायची, आतला मेंदू नाही. गाठ कुठे आहे हे लक्षणांवरून ताडायचं आणि कवटी उघडायची. पुष्कळदा गाठ भलतीकडेच निघायची. मेंदूच्या आत पाण्यानं भरलेल्या पोकळ्या असतात. डँडींनी त्यातलं पाणी काढून तिथे हवा भरली. एक्स-रेत हवा काळी दिसते, त्यामुळे पोकळीचा आकार उमटला. पोकळी ज्या बाजूला दबलेली, तिथे गाठ. पेशंटला याचा त्रास भयंकर व्हायचा, पण सीटी स्कॅन यायला अजून पन्नासेक वर्षं होती.

मग आलं गुरु-शिष्याचं खरं भांडण. कानाच्या नसेवर एक गाठ होते. कुशिंग ती आतून पोखरायचे आणि वरचं कवच तसंच ठेवायचे, कारण ते काढताना पेशंट दगावायचा. १९२२ मध्ये डँडींनी सांगितलं की कवचासकट अख्खी गाठ काढता येते. कुशिंग भडकले, पत्रापत्री झाली, दोघांमधली कटुता शेवटपर्यंत गेली नाही. पण मुद्दा डँडींचा खरा ठरला. ती गाठ पूर्ण निघाली तर सहसा परत येत नाही.

इथून पुढचं पाऊल उघड होतं. सगळी गाठ काढली की पेशंट बरा होतो, तर हेच ग्लायोमाला का लावू नये?

ग्लायोमा म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींपासून झालेली गाठ. ती कितीही नीट कापली तरी कडेनं परत यायची. डँडींनी कड रुंद करायचं ठरवलं, आणि किती रुंद? १९२३ मध्ये त्यांनी पेशंटच्या मेंदूचा उजवा अर्धा भाग काढून टाकला. १९२८ मध्ये अशा पाच पेशंटची माहिती छापली. या पेशंटची डावी बाजू आधीच लुळी झालेली असायची, त्यामुळे गमावण्यासारखं कमी होतं. जे वाचले त्यांची बुद्धी, बोलणं बऱ्यापैकी शाबूत राहिलं. यावर अख्खं जग चकित झालं.

आणि ट्यूमर? तो परत आला. उरलेल्या अर्ध्या मेंदूत.

यात डँडींच्या हाताचा दोष नव्हता. कानाच्या नसेवरच्या गाठीला स्वतःचं कवच असतं. ग्लायोमाला हद्दच नसते. हान्स शेरर नावाच्या पॅथॉलॉजिस्टनं १९३८ ते १९४० या काळात दाखवलं की ग्लायोमाच्या पेशी मज्जातंतूंच्या कडेनं आणि रक्तवाहिन्यांच्या बाहेरून सरकत दूर जातात. (हाच शेरर पुढे नाझींनी मारलेल्या मुलांचे मेंदू तपासत होता, हेही सांगायला हवं.) मेंदूच्या दोन अर्ध्यांना जोडणारा तंतूंचा जाड पूल असतो. त्यावरून काही पेशी डँडींची सुरी लागण्याआधीच पलीकडे गेलेल्या असायच्या.

त्या जातात कशा, हे कळायला प्रोटीन ओळखावी लागली. मेंदूच्या पेशींमधली जागा रिकामी नसते. तिथे जेलीसारखा मसाला भरलेला असतो आणि त्यातला मोठा वाटा हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचा. होय, सीरमच्या जाहिरातीत असतं तेच. ट्यूमरच्या पेशीच्या अंगावर सीडी४४ नावाचं प्रोटीन असतं, ते या जेलीला धरतं. इंटेग्रिन नावाची प्रोटीन बाहेरच्या धाग्यांना पकडतात, सोडतात, पुन्हा पुढे पकडतात. जिथे वाट नाही तिथे एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही प्रोटीन कात्रीसारखी जाळं कापतात. टेनॅसिन-सी नावाचं प्रोटीन तर पेशी स्वतःच बाहेर सोडते आणि त्याच्याच आधारानं पुढे सरकते.

सगळ्यात अवघड काम पुढेच असतं. मेंदूतल्या फटी पेशीच्या केंद्रकापेक्षाही अरुंद असतात. बाकीची पेशी लांबट होऊन निघते, केंद्रक मात्र अडकतं. तेव्हा मायोसिन-२ कामाला येतं. आपल्या स्नायूंना आकुंचन देणाऱ्या प्रोटीनचाच हा भाऊबंद. तो मागून आवळतो आणि केंद्रक फटीतून पुढे ढकललं जातं.

यातलं एकही प्रोटीन मुळात वाईट नाही. गर्भात मेंदू घडताना पेशी आपापल्या जागी जातात, जखम भरते, तेव्हा हीच प्रोटीन राबतात. ट्यूमर तीच वापरतो. शिवाय फिरस्तीवर असलेली पेशी सहसा कमी विभागते, आणि रेडिएशन, केमो यांचा मारा प्रामुख्यानं विभागणाऱ्या पेशींवर असतो.

डँडींनी पुढे ग्लायोमासाठी काय केलं? फारसं काही नाही, कारण करण्यासारखं हातात नव्हतं. पण गर्श्विन गेला त्याच वर्षी, मार्चमध्ये, त्यांनी मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा क्लिप लावून बंद केला. ते ऑपरेशन आजही होतं. अर्धा मेंदू काढण्याचं ऑपरेशनसुद्धा टिकलं, पण काही लहान मुलांच्या न आवरणाऱ्या फिट्ससाठी. ऑपरेशन थिएटरमध्ये डँडी भयंकर तापट, ज्युनियर त्यांना टरकून असायचे. घरी मात्र चार मुलांचा प्रेमळ बाप.

१९ एप्रिल १९४६ ला हृदयविकारानं डँडी गेले, साठावा वाढदिवस होऊन १३ दिवस झाले होते. वर सांगितल्यासारख्या कात्र्यांपैकी पहिली सापडली १९६२ मध्ये, तीही बेडकाच्या पिल्लाची शेपटी विरघळते कशी हे शोधताना. इंटेग्रिनला नाव मिळालं १९८६ मध्ये. कात्र्या बोथट करणारी औषधं ग्लायोब्लास्टोमावर वापरून झाली, आयुष्य वाढलं नाही. इंटेग्रिनची पकड सोडवणारं सिलेंजिटाइड मोठ्या चाचणीपर्यंत पोहोचलं आणि २०१३ मध्ये तेही नापास झालं. एक वाट बंद केली की पेशी दुसऱ्या प्रोटीनच्या मदतीनं निघते. ऑपरेशन, रेडिएशन आणि केमो मिळूनही ग्लायोब्लास्टोमाचा पेशंट आजही सरासरी सव्वा वर्षाच्या आसपासच जगतो.